‘शेतात राबणाऱ्याला शुगर होत नाही’: गावोगावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास एक लांबलचक मेसेज आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर येऊन पडला. भावकीचा ग्रुप, केळीच्या भावाचा ग्रुप, शाळेतल्या जुन्या मित्रांचा ग्रुप, कुठलाच सुटला नाही. त्यात म्हटलं आहे ते थोडक्यात असं. शेतात राबणाऱ्याला शुगर-बीपी होत नाही, व्यायाम हे शहरातल्यांचं खूळ आहे. पोट सुटणं हे खात्यापित्या घराचं लक्षण आणि बारीक माणसाला तर भीतीच नाही. आपल्या आजोबांनी वाटीवाटीने शेंगदाण्याचं तेल खाल्लं, त्यांना काही झालं नाही. रोग आणले ते रिफाइंड तेलाने. गहू सोडा, कळण्याची भाकरी हवी तेवढी खा, शुगर आपोआप उतरते. लसूण, आलं आणि लिंबाचा काढा २१ दिवस घेतला की ठिबकच्या नळ्या ॲसिडने साफ होतात तशा हृदयाच्या नसा मोकळ्या होतात. जिमला जाणारेच अटॅकने जातात. आणि शेवटी: गोळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून सुरू करू नका, चालू असेल तर बंद करा.

मी जळगाव जिल्ह्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा मेसेज वाचून गोळ्या बंद केलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून हे लिहिते आहे. यातलं सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. पण जेवणात आणि चालण्यात ताकद आहे, ती मोजलेली आहे, आणि या मेसेजने नेमकी तीच ताकद काढ्याच्या आणि अभिमानाच्या खाली गाडून टाकली आहे. याचा मला मनापासून राग आहे.

‘शेतात राबणाऱ्याला होत नाही.’ आधी राबतो कोण ते पाहू. नांगरट, वखरणी ट्रॅक्टरकडे गेली. निंदणीच्या जागी तणनाशकाचा फवारा आला. पाणी ठिबकने जातं. पूर्वी रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागायचं. आता मोबाइल स्टार्टरमुळे अंथरुणातूनच मोटार सुरू होते. शेतात जायला गाडी आहे. ज्याच्या नावावर सातबारा, तो बांधावर उभा असतो आणि कपाशी वेचायला, केळीचे घड वाहायला दुसरी माणसं असतात.

जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. बस तीच, फरक हालचालीचा. आपल्याकडे शेत तेच असतं. त्यात ड्रायव्हर कोण आणि कंडक्टर कोण, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

जी खरोखर राबतात, त्यांच्याबद्दलही हा मेसेज बेफिकीर आहे. दिवसभर वाकून कपाशी वेचणाऱ्या मावशीला मी ‘अजून चाला’ असं कधीच सांगत नाही. तिला डाळ, शेंगदाणे, अंडं, पुरेशी झोप हवी असते, आणि वर्षातून एकदा तरी तिचं बीपी कुणीतरी मोजायला हवं असतं. कष्ट करते म्हणून तिला बीपी नसेलच, असं धरून चालणं हा तिच्यावर अन्याय आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज आला. त्याच पाहणीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा हे शहरात जास्त आढळले, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था, जिला प्रीडायबेटिस म्हणतात, ती मात्र गावात आणि शहरात जवळपास सारखीच निघाली.

आणखी एक गोष्ट हंगामाची. काम करणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो, त्या वेळी त्याला इन्सुलिनची, म्हणजे साखर पेशीत पोचवणाऱ्या संप्रेरकाचीही फारशी गरज लागत नाही. काम थांबल्यावर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देण्याची त्याची तयारी एक ते तीन दिवस टिकते, मग ओसरते. म्हणूनच मधुमेहाच्या रुग्णांना सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नका, असं सांगतात. दिवाळीच्या पुढेमागे वेचणीत घाम गाळला आणि चैत्र-वैशाख पंख्याखाली काढला, तर त्या घामाची शिल्लक उन्हाळ्यापर्यंत उरत नाही.

‘पोट म्हणजे खात्यापित्या घराचं लक्षण.’ या एका ओळीने बहुधा सगळ्यात जास्त नुकसान केलं असेल. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी ही नुसती साठवण नसते. ती रक्तात स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) सोडत राहते, यकृत आणि स्नायू इन्सुलिनला जुमानेनासे होतात, साखर चढते, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढतं, रक्तदाब चढतो. ही सगळी दुखणी एकाच घरची आहेत, हे अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ठासून मांडलं. आज आपण त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. त्याची ओळख पटवायला पाच मापं आहेत आणि त्यातली तीन बिघडली की तो आहे असं धरतात: आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर किंवा जास्त, बाईची ८० किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, बीपी १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली.

कंबर मोजायची पद्धत माहीत नसल्याने फार घोळ होतो. ‘माझी कंबर चौतीस आहे ताई,’ असं ठामपणे सांगणाऱ्या एका आप्पांची कंबर टेपने ९८ सेंटीमीटर भरली. चौतीस हा पँटचा नंबर होता आणि पँट पोटाच्या खाली बांधलेली होती. शिंप्याचा टेप चालतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपडा बाजूला करून, टेप आडवा सरळ ठेवायचा. श्वास साधा सोडायचा आणि पोट आत ओढायचं नाही. ‘आप्पा, पोट सोडा,’ हे मला प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

‘बारीक माणसाला भीती नाही’ याचं उत्तर तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही हेच दिसलं: वजनाला कमी, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. हातपाय काटकुळे आणि पुढे पोट, अशी माणसं अमळनेरच्या बाजारात उभं राहिलं तर डोळ्यांसमोरून सतत जात असतात. वजनकाटा त्यांना ‘सगळं ठीक’ म्हणतो. टेप म्हणत नाही.

आता आजोबांचं तेल. शेंगदाणा तेल चांगलं तेल आहे, यात वाद नाही. त्यातली निम्म्याच्या आसपास स्निग्धाम्लं ऑलिव्ह तेलात असतात त्या प्रकारची आहेत. पण घाण्याचं असो की रिफाइंड, शेंगदाण्याच्या तेलातली ही स्निग्धाम्लं तीच राहतात आणि उष्मांकही तेवढेच राहतात. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, काही सूक्ष्म घटक जास्त टिकतात, एवढा त्याचा मान. १०० मिलिलिटरची वाटी म्हणजे ८०० कॅलरीच्या वर. ६५–७० किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर साधारण २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. म्हणजे भरितावर तरंगणारं वाटीभर तेल जिरवायला जवळपास तीन तासांची चाल. आजोबा ती चालत होते. बाजाराला पायी, शेताला पायी, मोटेमागे, नांगरामागे. आणि वाटीभर तेल रोज कुणाच्या घरी होतं? पाहुणे आले, भरीत पार्टी झाली, पोळ्याला मांडे झाले, तेव्हा. मेसेजने सणाचं जेवण रोजचं करून टाकलं आहे.

‘त्यांना काही झालं नाही’ हे तर मला ऐकवतच नाही. १९७० ते ७५ या काळात भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण जे पन्नाशी-साठीत गेले ते कशाने गेले हे तपासलं कुणी? ‘अंगावरून वारं गेलं’, ‘पहाटे छातीत कळ आली आणि संपलं’, असं आपण घराघरात ऐकलेलं आहे. पहिलं म्हणजे पक्षाघात, दुसरं बहुतेक वेळा हृदयविकाराचा झटका. बीपीचं मशीन गावात नव्हतं, म्हणून बीपीही नव्हतं असं होत नाही. जे नव्वदीपर्यंत जगले तेच आपल्याला आठवतात, कारण तेच आपल्याला भेटले.

तेलाबद्दल भांडायचंच असेल तर कढईशी भांडा. शेव, भजी, कचोरीच्या गाड्यावर तेच तेल पुन्हा पुन्हा तापतं, काळं पडतं, घट्ट होतं. अशा तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढत जातात आणि ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरू नये, असा एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा नियम २०१८ पासून लागू आहे. घरीसुद्धा पुऱ्या तळलेलं तेल आठवडाभर डब्यात राहतं. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, वर भरीत, कांद्याची पात, मुळा: यापेक्षा चांगलं ताट मी कुणाला सुचवू शकत नाही. उडदामुळे प्रथिनं वाढतात, तंतू मिळतो, साखर मैद्याच्या पावासारखी झपकन चढत नाही. चूक आहे ती ‘हवी तेवढी’ या दोन शब्दांत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या जवळपासच. आपली दणदणीत भाकरी सहज ८०–१०० ग्रॅम पिठाची होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. दोन वेळच्या जेवणात तीन-तीन भाकरी खाल्ल्या तर धान्य दुप्पट होतं. भाकरी एकाने कमी करून त्या जागी भाजी आणि घट्ट डाळ वाढवली, तर पोटही भरतं आणि आकडाही हलतो. शेवभाजी मात्र भाजीत धरू नका, कृपा करून. आणि उन्हाळ्यात गच्चीवर वाळणारे पापड, कुरडया, बिबड्या मोजून खा: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, आणि सोडियम नुसत्या मिठातच नसतं, पापडखारातही असतं.

आहार आणि चालण्याने नेमकं किती होतं, हे अंदाजावर ठेवायची गरज नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर झालेल्या अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, वजन ७ टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर तसाच अभ्यास केला. २००६ मध्ये निकाल आला: जीवनशैली बदललेल्या गटात २८.५ टक्के घट, तीही वजनात फारसा फरक न पडता. आपला आकडा अमेरिकेपेक्षा लहान आहे हे मी लपवत नाही. पण गोळीच्या तोडीस तोड आहे, आणि त्यात काढा नव्हता.

आता तो काढा. मेसेज लिहिणाऱ्याने ठिबकचं उदाहरण हुशारीने निवडलं आहे, कारण रावेर-यावलमध्ये ते शेंबड्या पोरालाही पटतं. ड्रिपरमध्ये पाण्यातला क्षार साचतो, नळीतून आम्ल सोडलं की क्षार विरघळतो, पाणी सुरू होतं. पण तिथे क्षार नळीच्या आतल्या पोकळीत, वाहत्या पाण्याच्या वाटेत बसलेला असतो. रक्तवाहिनीतलं किटण पोकळीत बसत नाही, भिंतीच्या आत असतं. आतलं अस्तर बिघडलं की वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, त्या अस्तराखाली शिरतं. त्याला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात, तिथेच मरतात. त्यावर तंतूंचं झाकण तयार होतं, कालांतराने चुना साठतो. बरेचसे झटके वाहिनी इंचाइंचाने बंद होत गेल्यामुळे येत नाहीत. ते झाकण फुटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. ५० टक्क्यांहून कमी अडथळा असलेल्या जागीही हे होऊ शकतं. लिंबाचा रस तिथे आम्ल म्हणून पोचतच नाही. पोटात त्याच्याहून तीव्र आम्ल आधीच असतं, आणि रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मध्येच धरून ठेवतं. तो हलला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो.

लसणाने रक्तदाब थोडा उतरतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण ब्लॉकेज उघडण्याशी त्याचा संबंध नाही. उलट रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याने मुठीमुठीने लसूण खाल्ला तर रक्तस्राव वाढू शकतो. अँजिओप्लास्टी झालेली कितीतरी माणसं नेमकी याच गटात असतात आणि हा मेसेज सगळ्यात आधी त्यांनाच पाठवला जातो.

मग अस्तर दुरुस्त होतं कशाने? चालण्याने. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, याची यंत्रणा माहीत आहे. आपण चालायला लागलो की रक्ताचा ओघ वाढतो, तो अस्तरावर घासून जातो, आणि त्या घर्षणाने अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. हा वायू वाहिनीच्या स्नायूला सैल करतो, वाहिनी रुंदावते, गुठळी धरायची प्रवृत्ती कमी होते. तो शरीरात निरोप्याचं काम करतो या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. ज्यांच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच खराब झालेल्या आहेत, अशा रुग्णांतही काही आठवड्यांच्या नियमित व्यायामाने अस्तराचं काम सुधारल्याचं दाखवलं गेलं आहे. बीपी जास्त असलेल्या माणसाचा वरचा आकडा नियमित चालण्याने साधारण ५ ते ८ ने उतरतो. तंबाखू-चुना आणि बिडी हेच अस्तर रोज जाळतात; २१ दिवसांच्या यादीत त्या पुडीचं नाव कुठेच नाही.

किटण थोडं मागे हटतं का? अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांचा १९९० चा अभ्यास याच प्रश्नावर होता. अगदी कमी तेलातला शाकाहार, व्यायाम, धूम्रपान बंद, ताण कमी करण्याचा सराव, हे सगळं वर्षभर काटेकोर पाळणाऱ्यांत वाहिनीचा अडथळा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आला. नेहमीसारखं राहणाऱ्यांत तो ४२.७ वरून ४६.१ वर गेला. गट छोटा होता. पण आकडा नीट पाहा: वर्षभराच्या कडक शिस्तीला दोन टक्क्यांचा हिशेब, आणि मेसेज २१ दिवसांत नस मोकळी करून देतो आहे.

‘जिमला जाणारेच मरतात.’ जोराचा श्रम करताना आणि त्यानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका तात्पुरता वाढतो, हे खरं आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने तो मोजला. आठवड्यात एकदाही जोराचा व्यायाम न करणाऱ्याने अचानक जोर लावला तर धोका १०७ पट. पाच किंवा जास्त दिवस करणाऱ्यात २.४ पट. म्हणजे व्यायाम नसलेल्याचं शरीर त्या जोरासाठी तयार नसतं, नियमित करणाऱ्याचं असतं. म्हणून सुरुवात हळू. चालताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर थांबा आणि डॉक्टर गाठा. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन पुढची फेरी मारू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४–४५ ला टेकतो तेव्हा जळगावच्या मेहरूण तलावावर सूर्य वर यायच्या आधी पोचणारेच शहाणे. ज्यांना पहाट जमत नाही त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटं गल्लीत चालावं, जेवणानंतर चढणारी साखर त्याने कमी चढते.

राहिली गोळी. हा मेसेजचा सगळ्यात घातक भाग. बीपीची गोळी बंद केली की बीपी वर जातं, आणि ते कळत नाही, कारण बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. ‘काही व्हत नही रे भाऊ’ म्हणणाऱ्या माणसाचं बीपी १८०/११० मी पाहिलेलं आहे. गोळी लागते ती शरीराला तिची सवय होते म्हणून नाही. ज्या कारणाने बीपी किंवा साखर वाढली ते कारण जागेवर असतं म्हणून. कारण हललं तर गोळीही हलते. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१७ मध्ये आले, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांनी देखरेखीखाली वजन उतरवलं तेव्हा वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनीच थांबवल्या होत्या, मोजमाप ठेवून. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना अचानक जेवण तोडून चालायला लागलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस रस्त्यात पडू शकतो. अशांनी डोस आधी बदलून घ्यावा आणि खिशात साखर ठेवावी.

मेसेज वाचून ज्यांनी गोळी थांबवली आहे त्यांनी उद्याच गावच्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात जावं. बीपी आणि बोटातून साखर तिथे मोफत मोजतात. तीस वर्षांवरच्यांचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात कंबरेचा रकाना आहे. तो अंदाजाने भरू देऊ नका, टेप लावायला सांगा. एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडसाठी लिपिड प्रोफाइल वेगळं करावं लागतं, त्याला जाताना उपाशीपोटी जा आणि आदल्या रात्री भरीत पार्टी ठेवू नका.